फळ्यावर न लिहिलेलं काम

कोब्यावर पावलं उठली ती नेमकी जेवणाच्या वेळेला, आणि त्या घरात ताटावर निघालेलं भांडण हात वाळेपर्यंत चालायचं.

गवंड्याने साडेअकराला मागच्या बोळातला शेवटचा हात फिरवला होता. स्वयंपाकघराच्या दारापासून थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत ओला, गुळगुळीत कोबा, पाणी वाहून जावं म्हणून नळाकडे बोटभर उतार. मधलीने उकिडवं बसून तो उतार दोन्ही बाजूंनी निरखला आणि गवंड्याला म्हणाली, "झकास. जा, जेवून या." हा शब्द तिच्या तोंडून वर्षातून दोनदा निघायचा. दुसऱ्यांच्या इमारती उभ्या करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. घरातले सगळे तिला मुकादम म्हणत आणि ती ओ देई. आता तीन आठवड्यांची रजा काढून ती स्वतःच्या बापाच्या घराची डागडुजी करायला येऊन बसली होती, म्हणजे रजा कसली, मजुरीच.

बारा वाजून गेल्यावर ती हात धुवायला मागे गेली आणि दारातच थांबली. नळाच्या पलीकडे, न्हाणीघराच्या बाजूने चार पावलं कोब्यात आत गेली होती. मग दोन्ही पावलं शेजारी शेजारी, कुणी मधेच थांबून विचार केल्यासारखी. मग चार पावलं माघारी.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, कारण तिचा आवाज खाली गेला की घरातल्यांना जास्त धडकी भरायची. तिने जेवणाच्या खोलीत येऊन विचारलं, "कोब्यावर कोण गेलं होतं?"

टेबलाभोवती सगळेच होते. थोरला दादा, दातांचा डॉक्टर, घास चावण्यातसुद्धा शिस्त असलेला. त्याच्या शेजारी वहिनी. शाळा सुरू झाल्या की दोघं मुलांसकट वरच्या मजल्यावर राहायला येणार होती, म्हणून तर हा सगळा घाट. समोर धाकटी, जी चार दिवसांसाठी म्हणून आली होती आणि ज्याची बाजू पडती त्याच्या बाजूने बोलायचं एवढंच काम करत होती. टेबलाच्या टोकाला अप्पा, मान डावीकडे जराशी वळवून बसलेले. गेले काही महिने त्यांची मान अवघडली होती. आणि स्वयंपाकघराच्या दारात आई, हातात भाताचं भांडं.

"मी तर इथून उठलोच नाही," दादा म्हणाला.

"मी वरच होते. शेजारच्यांचं मांजर असेल," वहिनी म्हणाली.

"मांजर आठ नंबरच्या चपला घालत नाही."

धाकटी हसली आणि मधलीने तिच्याकडे पाहिल्यावर ताटात बघायला लागली.

"मी फळ्यावर लिहिलं होतं," मधली म्हणाली. "मोठ्या अक्षरांत. बोळ भिंतीपर्यंत बंद. कुणीही वाचलं नाही?"

त्या फळ्याला घरात फार मान होता. अप्पांनी उभी हयात लोकांची घरं बांधण्यात घालवली. स्वतःचं घर बांधायला घेतलं त्या दिवशी स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर त्यांनी आधी फळा ठोकला आणि मग बाकीचं सामान आत आणलं. कुठलंही काम तोंडी सांगायचं नाही, फळ्यावर लिहायचं, आणि येता-जाता फळा वाचायचा, हा त्यांचा कायदा. न वाचता चुकणाऱ्याची ते अशी खरडपट्टी काढत की पाहुणेसुद्धा चहाला आत येताना एकदा फळ्याकडे नजर टाकत. परवापासून तिथे 'बोळ नळापर्यंत बंद' असं होतं. आज सकाळी माल उरला म्हणून मधलीने काम भिंतीपर्यंत वाढवलं आणि 'नळा' पुसून 'भिंती' लिहिलं.

"मी वाचलं होतं बाई," वहिनी म्हणाली.

"मी पण," धाकटी म्हणाली.

"मग काल रात्रीचा राग कुणी पायाने काढला का?" मधलीने विचारलं. प्रश्न सगळ्यांना होता, पण बघत ती दादाकडे होती.

आदल्या दिवशीचं भांडण बागेवरून झालं होतं. मधलीने कामांचा क्रम लावला होता तो अप्पांनीच तिला शिकवलेला: वरून खाली, आतून बाहेर आणि सगळ्यात शेवटी हिरवं. छप्पर झालं, सांडपाण्याची नळी झाली, आता बोळ. सोमवारी घरासमोर परांची उभी राहणार, पुढच्या भिंतीचा गिलावा आणि रंग होणार. मग पावसाळा. पाऊस ओसरला, माती मऊ झाली की पुढच्या अंगणात बाग. या उन्हात रोप लावणं म्हणजे ते हाताने मारणं, आणि परांचीखाली लावणं म्हणजे वर तुडवणं. हे सगळं तिने जेवताना समजावून सांगितलं, आणि अप्पा एकदम म्हणाले, "बाग आधी लावा."

सगळे हसले होते. गिऱ्हाइकाने आधी बाग मागितली की हेच अप्पा तिथून उठून जायचे, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पण अप्पा हसले नाहीत. "पुढच्या आठवड्यात लावा. मला बाग हवीय," असं तीन वेळा म्हणाले. दादाने हात झटकले, त्याला पुढची भिंत रंगवून हवी होती. धाकटी अप्पांच्या बाजूला गेली. मधलीने शेवटी म्हटलं होतं, "अप्पा, तुम्हीच शिकवलंत ते मी मोडणार नाही." मग अप्पा ताटावरून उठून गेले होते.

"मी कशाला राग काढू?" दादा आता म्हणाला. त्याच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती. "भांडण तुझं आणि अप्पांचं झालं. मी तर तुझ्या बाजूने होतो."

"मी गेले होते," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आईने भाताचं भांडं टेबलावर ठेवलं.

"यांच्या चपला सरकवल्या पायात आणि गेले कढीपत्ता आणायला. नाही राहिलं लक्षात. आता काय फासावर देणार आहात? जेवा. भात गार होतोय."

अप्पांनी चमचा उचलला आणि डाळीची वाटी हाताने चाचपून जवळ ओढली. हे मधलीने पाहिलं आणि त्याचं काही केलं नाही. आपल्याच घरात वाटी चाचपायला माणसाला हजार कारणं असतात.

गवंडी जेवून आला, पावलं पाहून जीभ चावली आणि म्हणाला, "मऊ आहे तोवर करून टाकू. अजून तासाने हात लागणार नाही."

"करा. तेवढा पट्टा काढून नव्याने करा," असं म्हणत मधली खाली वाकली, आणि तिथेच थांबली. तिने आयुष्यात इतक्या ओल्या कोब्यांवर इतकी पावलं पाहिली होती की बिगाऱ्यांची पावलं तिला नावानिशी ओळखता यायची. यातलं उजवं पाऊल दर वेळी बाहेरच्या बाजूला फाकलेलं होतं. तीस वर्षांपूर्वी परांचीवरून पडल्यापासून अप्पांचं उजवं पाऊल तसं पडायचं. चप्पल कुणीही घालील, पण पाऊल तसं पडणार नाही. आणि आईच्या वजनाने कोबा इतका खोल गेला नसता.

ती उठून फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. 'बोळ भिंतीपर्यंत बंद.' अक्षरं वीतभर होती. अप्पा सकाळपासून इथून दहा वेळा गेले होते. तिला काय वाटत होतं ते तिलाच कळेना. राग असता तर तिला कळलं असतं, रागाची तिला सवय होती.

मागून गवंड्याच्या थापीचा आवाज येत होता. ती स्वयंपाकघरात गेली. आई भांडी घासत होती.

"आई, कढीपत्ता कुठाय?"

"संपला."

"आणलास आणि संपला? भाजीत तर नव्हता."

"तुला काय कामंधामं नाहीत का गं?"

"उजवं पाऊल बाहेर पडलंय, आई. ते चपलेचं नाही, पायाचं आहे."

आईने नळ मोठा सोडला. पाणी ताटावरून उडून तिच्या साडीवर आलं. मग तिने नळ बंद केला.

"दार लोट," ती म्हणाली.

मधलीने दार लोटलं.

"सहा महिने झाले. डोळ्याच्या मागचा पडदा झिजतोय म्हणतात. इंजेक्शनं घेतली, थोडे दिवस थांबलं, आता पुन्हा चालू झालंय. पार आंधळे नाही होणार म्हणाले, कडेकडेचं राहील. पण मधलं गेलं. समोर बघितलं की मधोमध नुसता धूर. तुझ्या तोंडाकडे बघायचं असलं तर त्यांना तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

"मान..."

"मानेला काय धाड भरलीय? मी सांगितलं तुम्हाला, अवघडली म्हणून. बसला विश्वास."

मधली ओट्याला टेकली. एकेक गोष्ट सुटी होती, ती आता ओळीने लागायला लागली. रंगांची पट्टी अप्पांनी न बघता दादाकडे सरकवली होती, 'तुम्हीच ठरवा' म्हणाले होते, आणि सगळ्यांनी कौतुक केलं होतं की म्हातारपणी माणूस निवळला. वर्तमानपत्र बंद केलं, 'त्यात असतं काय' म्हणून. बोटभर उतार चुकला तर दहा पावलांवरून ओळखणारी आपण, आणि बापाने सहा महिने आपल्या तोंडाकडे सरळ पाहिलं नाही हे आपल्याला कळू नये, याची तिला इतकी लाज वाटली की तिला रडूच आलं.

"दादाला तरी सांगायचं. तो डॉक्टर आहे."

"दातांचा," आई म्हणाली.

मधलीला रडताना हसू आलं, आणि आईने पदराने तिचं नाक पुसलं, पाच वर्षांच्या पोरीचं पुसावं तसं.

"कळलं तर तुम्ही काय कराल ते ठाऊक आहे त्यांना. घरभर कठडे बसवाल. जिना चढू नका, गच्चीवर जाऊ नका. आणि मग यांना विचारल्याशिवाय वीट हलणार नाही असं जे घर आहे, तिथे यांना कुणी काही विचारणार नाही. त्यांना कामावरून काढलेलं नको होतं." आई ताट पुसत राहिली. "आणि रंग फिके होत चाललेत म्हणतात. पाऊस सरेपर्यंत काय उरेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. बाग आधी का, ते कळलं आता?"

अप्पा पुढच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. समोर उन्हाने भाजलेलं मोकळं अंगण, एका बाजूला परांचीचे बांबू येऊन पडलेले. मधली पायरीवर बसली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, उठून त्यांच्या उजव्या हाताला येऊन बसली.

"आईने सांगितलं," अप्पा म्हणाले.

"तिच्याआधी मी पाऊल ओळखलं."

अप्पांनी मान हलवली. हे त्यांना पटण्यासारखं होतं. "नव्याने केलास ना तेवढा पट्टा? पाऊल उठलेला कोबा ठेवायचा नाही."

"केला."

"नळापर्यंतच होतं ना? फळ्यावर नळापर्यंत होतं. मी धाकटीला विचारलं होतं परवा."

"सकाळी मी बदललं. तोंडी नाही सांगितलं कुणाला."

"अस्सं." त्यांनी उजवं पाऊल जरा आत ओढलं. "पहिल्याच पावलाला कळलं होतं मला, ओलं आहे म्हणून. तरी चार टाकली. वाटलं, पुढे सुकं असेल." मग म्हणाले, "कोब्यावर पाय दिला म्हणून मी माणसं कामावरून घालवलीत."

मधलीला त्यांचा हात धरायचा होता आणि त्या घरात हात धरायची पद्धत नव्हती. तिने खिशातून कागद आणि पेन्सिल काढली.

"काय काय लावायचं सांगा."

"बाग शेवटी ना?"

"शेवटची बाग पावसानंतर लावीन. ही त्याच्या आधीची."

"जळेल सगळं. अर्धं तरी जळेल."

"फुललेलीच रोपं आणायला सांगते. वर हिरवी जाळी बांधू, दोन वेळा पाणी घालू. जळेल तेवढं जळू दे."

अप्पा कडेने तिच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू सांगायला लागले, पूर्वी काम सांगत तसे, हात हवेत ठेवून. "मधोमध काही लावू नकोस, तिथे लावलेलं फुकट जाईल. कडेने लाव. उजव्या कोपऱ्यात पिवळं. पिवळं अजून चांगलं दिसतं मला. डावीकडे लाल लाव, उंच काहीतरी." हात खाली आला. "आणि दादाला इतक्यात सांगायचं नाही."

"कधीतरी सांगावं लागेल, अप्पा."

"एकदा फुलं बघून होऊ देत. मग मीच सांगेन."

चहाच्या वेळी दादा फळ्यासमोर उभा होता. मधलीने सगळा फळा पुसून नवीन लिहिलं होतं. 'सोमवार: परांची मागच्या बाजूला. पुढची बाग. पुढची भिंत: पावसानंतर.'

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"बदल केलाय."

"पुढची भिंत पावसानंतर? आम्ही राहायला येणार, चार लोक घर बघायला येणार, आणि घराचं तोंड असं पोपडे उडालेलं?"

"मागच्या भिंतीला जास्त गरज आहे."

"काल तूच तासभर कानीकपाळी ओरडत होतीस. बाग शेवटी, बाग शेवटी. काल जे बरोबर होतं ते आज कसं फिरलं?"

"चुकलं माझं," मधली म्हणाली. "क्रम चुकीचा लावला होता मी."

हे वाक्य त्या घरात तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. वहिनीचा कप हवेत राहिला. "आजची तारीख लिहून ठेवा," धाकटी म्हणाली. पण दादा हसला नाही.

"चुकलं-बिकलं काही नाही. अप्पांनी तुला बाजूला घेतलं आणि तू फिरलीस. नेहमीचंच आहे हे. या घराचं काय करायचं ते अप्पा आणि तू ठरवणार, आणि आम्ही फळ्यावर वाचायचं. मी इथे मुलगा म्हणून येतोय की भाडेकरू म्हणून, तेवढं एकदा लिही तिथे."

मधलीला ते लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. एका वाक्यात त्याचं तोंड बंद करता आलं असतं. वाक्य जिभेवर होतं. तिने आईकडे पाहिलं. आई साखरेच्या डब्याचं झाकण लावत होती, लावलेलं पुन्हा काढून लावत होती. मधलीने वाक्य गिळलं आणि म्हणाली, "पावसानंतर भिंत मी स्वतः उभी राहून करून घेईन. रंग तू ठरव."

"माझा त्या रंगातला रस गेला," दादा म्हणाला आणि चहा तसाच ठेवून वर गेला. वहिनी त्याच्यामागे गेली. धाकटीने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि या वेळी पडती बाजू कुठली ते तिला ठरवता आलं नाही.

माळी सोमवारी आला तोच कुरकुरत. "या दिवसांत मी रोप विकत नाही, बाई. माझं नाव खराब होतं." मधलीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि खड्डे आखून दिले. दोन दिवस ती त्याच्या डोक्यावर उभी होती. मधोमध दहा पावलं जागा तिने मोकळी सोडली तेव्हा त्याने कुदळ खाली ठेवली.

"इथे नाही काही? बागेला तोंडच राहणार नाही."

"तिथे पुढे काम निघणार आहे," ती म्हणाली.

बुधवारी ऊन कलल्यावर तिने हिरवी जाळी गुंडाळली आणि सगळ्यांना पडवीत बोलावलं. दादा शेवटी आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. अंगणाच्या उजव्या कडेने पिवळ्या फुलांचा जाड पट्टा होता, डावीकडे लाल, आणि मधे नुसती ओली माती.

"छान आहे, पण मधे टक्कल का?" वहिनीने विचारलं.

अप्पा खुर्चीवर बसले. त्यांनी सवयीने मान डावीकडे वळवली, मग परत आणली आणि समोर पाहिलं, सरळ त्या मोकळ्या मातीकडे. हात मांडीवर ठेवून ते तसेच बसून राहिले. सहा महिन्यांत मधलीने त्यांना असं सरळ बसलेलं पाहिलं नव्हतं.

"अप्पांची मान सुटली की," वहिनी म्हणाली.

"तेल चोळलं रात्री," आई म्हणाली.

मग अप्पांनी उजवा हात उचलला, मान तसूभरही न हलवता.

"मुकादम, त्या पिवळ्यातलं पायरीकडून तिसरं रोप मान टाकतंय. पाणी घाल त्याला."

मधलीने पाहिलं. तिसरं रोप खरंच कोमेजलं होतं. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं, माळ्याच्याही नाही. तिने झारी उचलली आणि नळाकडे जवळजवळ पळतच गेली, कारण तिथे थांबली असती तर सगळ्यांसमोर हुंदका फुटला असता. नळ सोडताना तिला मागून अप्पांचा आवाज ऐकू आला.

"दादा, खुर्ची घे आणि इथे ये. तुला एक सांगायचंय. समोर नको बसूस. असा कडेला बस, उजव्या हाताला. तिथे दिसतोस तू मला."